कीस्टोनच्या मूकपटांत पाहायचं तरी काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सातवी-आठवीच्या मुलांना मूकपट दाखवायचे म्हणून तुम्ही अमेरिकेतल्या कीस्टोन स्टुडिओच्या (१९१२ ते १९१७) विनोदी फिल्म पाहायला घेतल्या आणि निराश झालात. सगळे नुसते धावतात, लाथा मारतात, पडतात. चित्र धुरकट, गोष्टीचा पत्ता लागत नाही, आणि चॅप्लिनसुद्धा आपल्या ओळखीचा वाटत नाही. यांत खरंच काही आहे का, हालचाल इतकी धावपळीची का दिसते, आणि मुलांना यातलं काय दाखवावं?

आहे, भरपूर आहे. मी व्यवसायाने चित्रपट-संकलक. स्टीनबेक या संकलनाच्या टेबलावर हाताने फिल्म कापत कामाला सुरुवात केली, नंतर संगणकावर आलो, आणि आता बरीच वर्षं संकलन शिकवतोही. विनोदी प्रसंग कसा कापायचा हे शिकवायची वेळ आली की मी आजही आधी कीस्टोनची फिल्म लावतो. वरून गोंधळ दिसतो, पण तो फार शिस्तीने रचलेला आहे. ती शिस्त दिसायला लागली की याच फिल्म वेगळ्या वाटतात. मात्र तुम्ही जे पाहिलंत ते बहुधा कीस्टोनचं काम नव्हतंच. त्याची झिजलेली नक्कल होती, आणि तीही चुकीच्या वेगाने चाललेली.

म्हणून आधी वेगाचं सांगतो. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम टिपल्या जात. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा फ्रेम, हा ढोबळ रिवाज. पस्तीस एमएम फिल्मच्या एका फुटातही सोळाच फ्रेम बसतात. म्हणजे एक फूट बरोबर एक सेकंद. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हजार फुटांचं रीळ या वेगाने साधारण सतरा मिनिटं चालतं. बोलपट आला तेव्हा आवाजासाठी वेग सेकंदाला चोवीस फ्रेमवर पक्का झाला. जुनं रीळ त्या मशीनवर लावलं की सतरा मिनिटांचा ऐवज अकरा मिनिटांत उरकतो. टीव्हीवर आणि नंतर इंटरनेटवर मूकपट आले ते बहुतेक असेच, आणि तिथूनच मूकपटातली माणसं तुरुतुरु चालायची हा समज पक्का झाला.

कीस्टोनच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. त्यांना वेग मुद्दाम हवाच होता. पाठलागाच्या शॉटला कॅमेरामन हँडल सावकाश फिरवायचा. सेकंदाला बाराच फ्रेम टिपल्या आणि सोळाच्या वेगाने दाखवल्या की माणूस तिसऱ्या हिश्शाने जास्त जलद पळतो. हे शॉटगणिक ठरायचं. नायिका रुसून बसली आहे तो शॉट नेहमीच्या वेगाने, पोलीस गाडीवर लटकून निघाले तो शॉट जलद. हसू येतं ते या दोन वेगांतल्या फरकामुळे. सगळंच चोवीसने पळवलं की फरक पुसला जातो. रुसणंही पळतं आणि पळणं तर डोळ्यांना पकडताच येत नाही. अभिनेत्याने भुवई उडवली, टोपी सावरली, मागे वळून पाहिलं, हे सगळं वाया जातं.

उपाय सोपा आहे. प्लेअरमधला वेग पाऊण पटीवर आणा, म्हणजे साधारण अठरा फ्रेमचा वेग मिळेल. नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतींचा वेग आधीच सुधारलेला असतो, त्यांना हात लावू नका. कोणती प्रत कशी आहे हे ओळखायला नटांकडे पाहू नका. पाणी, धूर, झाडाच्या फांद्या आणि मागून जाणारे वाटसरू पाहा. त्यातलं कोणीच अभिनय करत नसतं. तळ्यावरच्या लाटा खऱ्या वाटल्या तर वेग बरोबर आहे असं समजा.

धुरकटपणाचं कारण चॅप्लिनची लोकप्रियता. कीस्टोनमध्ये तो जेमतेम वर्षभर होता, पण त्या वर्षातल्या फिल्म पुढे कितीतरी वर्षं पुन:पुन्हा प्रदर्शित झाल्या. मूळ निगेटिव्हवरून इतक्या प्रती निघाल्या की ती झिजून गेली. मग प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी एक. वितरकांनी नावं बदलली, पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या पाट्या नव्याने लिहिल्या, कुठे शॉट उडवले, कुठे जागा बदलल्या. 'द राउंडर्स' ही फिल्म 'ओह, व्हॉट अ नाइट' म्हणून फिरली, 'डो अँड डायनामाइट' झाली 'द डोनट डिझायनर्स'. गोष्ट कळत नाही ही तुमची तक्रार म्हणूनच रास्त आहे. पुष्कळ प्रतींमध्ये गोष्ट उरलेलीच नाही. लंडनची ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, बोलोन्याचं फिल्म-संग्रहालय आणि पॅरिसची लॉब्स्टर फिल्म्स या तिघांनी मिळून चॅप्लिनच्या कीस्टोन फिल्म जगभरातल्या प्रती जमवून, फ्रेमला फ्रेम लावून दुरुस्त केल्या. २०१० साली तो संच बाहेर आला. मुलांना दाखवायच्या असतील तर त्याच प्रती शोधा. जुन्या धुरकट प्रती दाखवून मुलांचं मन या कलेवरून उडवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता स्टुडिओविषयी थोडं. कीस्टोनचा संस्थापक मॅक सेनेट मूळचा कॅनडातल्या क्वेबेकचा, आयरिश घरातला. जन्म १८८०, खरं नाव मायकल सिनॉट. न्यूयॉर्कच्या बायोग्राफ कंपनीत तो १९०८ पासून दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या हाताखाली नट म्हणून राबला आणि कापाकापीचं शास्त्र तिथेच पाहून पाहून शिकला. १९१२ साली केसेल आणि बाउमन या दोन निर्मात्यांच्या पैशावर कीस्टोन उभी राहिली. मेबल नॉर्मंड, फोर्ड स्टर्लिंग आणि फ्रेड मेस ही बायोग्राफमधली नटमंडळी त्याच्याबरोबर आली. लॉस एंजेलिसच्या एडनडेल भागात त्यांनी बस्तान बसवलं आणि २३ सप्टेंबर १९१२ ला पहिल्या फिल्म प्रदर्शित झाल्या. १९१५ मध्ये कंपनी ट्रायँगल या चित्रपट कंपनीत गेली, १९१७ मध्ये सेनेट बाहेर पडला आणि कीस्टोन हे नाव मागे राहिलं. पाचच वर्षांचा खेळ. मूकपटांतला दुसरा नामांकित विनोदवीर बस्टर कीटन इथे कधीच नव्हता, लॉरेल-हार्डी ही हॅल रोचच्या स्टुडिओतली जोडी, आणि हॅरॉल्ड लॉइड इथे फक्त डोकावून गेला. तोंडावर क्रीमचा 'पाय' (केकसारखा गोड पदार्थ) फेकण्याचे प्रसंगही लोक समजतात त्या मानाने कमीच आहेत.

पाठलागाची कल्पना सेनेटची स्वतःची नव्हे. फ्रान्सच्या पाथे कंपनीच्या विनोदी फिल्मांवरून आपण ती उचलली हे तो मोकळेपणाने सांगायचा. त्याने केलं ते असं, की फ्रेंचांचा पाठलाग आणि ग्रिफिथचं संकलन एकत्र आणलं. ग्रिफिथ शेवटच्या क्षणी सुटका दाखवायचा : इकडे संकटातली मुलगी, तिकडे दौडत येणारा नायक, पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. सेनेटने तीच रचना घेऊन तिची थट्टा केली. १९१३ च्या 'बार्नी ओल्डफील्ड्स रेस फॉर अ लाइफ'मध्ये मेबलला रुळांना बांधलं आहे, मिशा पिळणारा खलनायक फोर्ड स्टर्लिंग आहे, वाचवायला निघाला आहे खुद्द सेनेट, आणि त्याची गाडी हाकतो आहे त्या काळचा खराखुरा नामांकित शर्यतपटू बार्नी ओल्डफील्ड. मूकपटात बाईला रुळांना बांधायचे असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे चित्र येतं, ते या विडंबनातलं आहे. ही फिल्म पाहताना कट मोजा. उत्कंठा वाढवायचं तंत्र इतकं चोख वापरलं आहे की आपण हसत हसत काळजीही करतो.

त्यांचे सेट उघड्यावर असत. वर ऊन गाळायला पातळ कापड ताणलेलं, तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू कॅमेऱ्याची. घरातल्या प्रसंगात टेबलावरचं कापड वाऱ्याने फडफडताना दिसलं तर समजा, तुम्ही एडनडेलचा वारा पाहता आहात. आपल्याकडे दादासाहेब फाळकेही तेव्हा उन्हाच्याच भरवशावर काम करत होते. २ जानेवारी १९१४ ला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात त्यांचा 'मोहिनी भस्मासुर' लागला आणि त्याच्या जोडीला 'पिठाचे पंजे' ही छोटी विनोदी फिल्म होती. त्याच महिन्यात तिकडे चॅप्लिन आपल्या पहिल्या फिल्ममध्ये काम करत होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नसेल, पण विनोदी फिल्म म्हणजे काय हे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी ठरत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता खरा मुद्दा. कीस्टोनच्या फिल्ममध्ये कॅमेरा बहुधा जागचा हलत नाही. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसेल इतक्या अंतरावर तो उभा. दिवाणखाना, शेजारची खोली, बाहेरचा बोळ, बाग अशा चार-पाच चौकटी ठरलेल्या. माणूस दिवाणखान्याच्या उजव्या दाराने बाहेर पडला की पुढच्या शॉटमध्ये तो बोळात डावीकडूनच येणार. हा नियम ते सहसा मोडत नाहीत. पहिल्या दोन मिनिटांत आपल्या डोक्यात त्या घराचा नकाशा तयार होतो, आणि मग दिग्दर्शकाला सवड मिळते. नवरा बोळातून निघाला म्हणजे आता कुठल्या दारातून शिरणार हे आपल्याला कळतं. त्या दाराआड कोण लपलं आहे हेही ठाऊक असतं. नवऱ्याला मात्र नसतं. आट्यापाट्यांच्या मैदानासारखं आहे हे : रेषा पक्क्या आखलेल्या, म्हणून तर हुलकावणी देता येते. चौकटी जर सारख्या हलत्या ठेवल्या असत्या तर कोण कुठून आलं हेच कळलं नसतं आणि हसूही आलं नसतं. आजच्या विनोदी चित्रपटांत मारामारी-पळापळीचे प्रसंग फसतात ते बहुतेक वेळा याच कारणाने. विद्यार्थ्यांचं काम तपासताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो : तो कुठून आला, कुठे गेला?

हे नीट पाहायचं तर 'मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकॅमेंट' पाहा, फेब्रुवारी १९१४ ची. हॉटेल आहे. मेबल पायजम्यात, कुत्र्याशी खेळता खेळता खोलीबाहेर येते आणि दार मागे लागून जातं. बोळात झिंगलेला चॅप्लिन. ती घाबरून समोरच्या खोलीत शिरते आणि पलंगाखाली लपते. ती खोली दुसऱ्या जोडप्याची. बस, एवढंच. दोन खोल्या, मध्ये बोळ, आणि दारं. त्यातून किती गैरसमज निघतात ते पाहा.

याच फिल्ममध्ये आणखी एक गोष्ट घडली. सुरुवातीला हॉटेलच्या दर्शनी दालनात चॅप्लिन झिंगून येतो, एका बाईच्या पायाला अडखळतो, वळून टोपी उचलून माफी मागतो. मग थुंकीच्या भांड्याला अडखळतो, आणि त्याचीही टोपी उचलून माफी मागतो. चॅप्लिनने पुढे आत्मचरित्रात लिहिलं आहे की हा शॉट पंचाहत्तर फूट चालला, आणि तो अखंड ठेवावा की कापावा यावर सेनेट आणि दिग्दर्शक हेन्री लेर्मन यांच्यात चर्चा झाली, कारण तिथल्या विनोदी शॉटची लांबी दहा फुटांच्या वर क्वचितच जायची. वरचा हिशेब आठवा : दहा फूट म्हणजे दहा सेकंद, पंचाहत्तर फूट म्हणजे सव्वा मिनिट. कीस्टोनला दहा सेकंदांत एक गंमत उरकून पुढे जायची सवय होती. हा चोवीस वर्षांचा पोरगा इंग्लंडच्या रंगभूमीवरून आलेला, फ्रेड कार्नोच्या विनोदी नाटक-कंपनीत घोटून तयार झालेला. त्याला गंमत रुजवायला वेळ हवा होता. पात्र आधी ओळखीचं झालं पाहिजे, मग त्याचं अडखळणं आपलं वाटतं.

तुम्हाला चॅप्लिन तोच वाटला नाही, त्याचं उत्तर इथे आहे. तो आठवड्याला १५० डॉलरवर आला तेव्हा कीस्टोनचं यंत्र आधीच जोरात चाललेलं होतं, आणि त्या यंत्राशी झगडत तो घडला. पहिल्या फिल्ममध्ये, 'मेकिंग अ लिव्हिंग'मध्ये, लेर्मनने आपल्या चांगल्या गमती मधोमध कापल्या अशी त्याची तक्रार होती. मग त्याने काय केलं? यांची कापायची पद्धत पाहून ठेवली आणि आपल्या गमती शॉटमध्ये शिरताना आणि शॉटमधून बाहेर पडताना करायला लागला. एंट्री आणि एक्झिट संकलकाला कापता येत नाही. माणूस आत आलाच नाही तर पुढचा शॉट जुळणार कसा? संकलक म्हणून मला या युक्तीचं अतोनात कौतुक आहे. त्याचं ते कोपऱ्यावर एका पायावर वळणं, दारातून बाहेर पडताना मागे टाच झटकणं, जाता जाता टोपी उडवणं, हे सगळं चॅप्लिनपण आपण म्हणतो त्यातला मोठा भाग आहे. त्यातलं कितीतरी या कात्रीपासून वाचण्याच्या धडपडीत पक्कं झालं असं माझं ठाम मत आहे. 'द राउंडर्स' किंवा 'डो अँड डायनामाइट' पाहताना फक्त दारांवर नजर ठेवा, मी काय म्हणतो ते दिसेल.

आता एक फिल्म जवळून पाहू : 'किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस', ७ फेब्रुवारी १९१४. जेमतेम अर्ध्या रिळाची. उरलेल्या अर्ध्यात ऑलिव्ह आणि त्याच्या तेलावर एक माहितीपट जोडून दिला होता. लॉस एंजेलिसजवळच्या व्हेनिस गावात मुलांच्या छोट्या गाड्यांची शर्यत होती. उतारावरून गाड्या सोडायच्या, दोन्ही बाजूंना माणसांची गर्दी. कीस्टोनने आपला कॅमेरा तिथे नेऊन उभा केला. गोष्ट एका वाक्याची : शर्यतीचं चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्यासमोर एक माणूस सारखा येतो आणि हलता हलत नाही. घट्ट कोट, ढगळ विजार, छोटी टोपी, काठी, मिशीचा ठिपका. प्रेक्षकांना हा वेश पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो इथे.

पण पाहायचं आहे ते मागच्या गर्दीकडे. ते खरे लोक आहेत, नट नव्हेत. पहिल्या शॉटमध्ये त्यांचं लक्ष शर्यतीकडे आहे. हा मधे येतो तेव्हा काहीजण वैतागून पाहतात; कोण हा आगाऊ, असा तो चेहरा. लेर्मन स्वतः फिल्ममधला दिग्दर्शक झाला आहे. तो याला धक्का देऊन बाहेर काढतो. हा पडतो, उठतो, कपडे झटकतो आणि रमतगमत परत चौकटीच्या मधोमध येऊन उभा राहतो, जणू सहज निघाला होता. हळूहळू गर्दीतलं एकेक माणूस शर्यत सोडून याच्याकडे बघायला लागतं. मुलं हसतात. एखादा शेजाऱ्याला कोपराने ढोसून दाखवतो. शेवटी शेवटी तर गाड्या मागून जाताहेत आणि त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध विनोदी पात्राला त्याचे पहिले प्रेक्षक मिळतानाचा हा दस्तऐवज आहे, आणि तो अपघाताने टिपला गेला. मधे एक शॉट दुसऱ्या कॅमेऱ्यातून घेतला आहे; त्यात चित्रीकरण करणारा कॅमेराच आपल्याला दिसतो, हँडल फिरवणाऱ्या माणसासकट. मुलांना हँडल दाखवायचं असेल तर तिथे थांबवा. सेल्फीत मागून डोकावणारी माणसं मुलांना रोज भेटतात, त्यामुळे ही गंमत त्यांना समजावून सांगावी लागत नाही. माझा अनुभव असा की या फिल्मला लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर हसतात.

मेबल नॉर्मंडबद्दल मात्र मला हातचं राखून बोलता येणार नाही. तिला बहुतेक लेखांत चॅप्लिनची सहकलाकार म्हणून दोन ओळींत उरकतात. १९१२ पासून कीस्टोन उभी होती ती तिच्यावर. पोहायची, घोड्यावर बसायची, चिखलात पडायची, आणि १९१४ मध्ये एकवीस वर्षांची असताना फिल्म दिग्दर्शितही करत होती. 'मेबल ॲट द व्हील'च्या वेळी चॅप्लिनला एक गंमत घालायची होती, तिने नको म्हटलं, आणि तो काम सोडून रस्त्याच्या कडेला बसून राहिला. ही हकीकत त्यानेच लिहिली आहे. पुढे दोघांचं जमलं आणि छान जमलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहा : सगळे हातवारे करत असताना ती कमीत कमी करते. डोळे किंचित वळवते, ओठ दाबते, काम झालं. कॅमेरा दूर उभा असतानाही ते पोचतं. ती १९३० मध्ये क्षयाने गेली, चाळिशीही न गाठता. तिने दिग्दर्शित केलेल्या फिल्मांचा नीट अभ्यास व्हायला हवा, आपल्याकडच्या फिल्म-विद्यार्थ्यांनीही करायला हवा.

एडनडेलजवळच्या एको पार्क तळ्याचा गाळ काढायला पाणी सोडून देणार, अशी खबर लागली तेव्हा सेनेटने मंडळींना तिकडे पिटाळलं आणि रिकाम्या होत जाणाऱ्या तळ्याभोवती एक प्रेमकथा रचली. ती 'अ मडी रोमान्स', नोव्हेंबर १९१३. मेबल आणि फोर्ड स्टर्लिंग होडीत, भटजींच्या जागी पाद्रीबाबा, काठावर चिडलेला प्रतिस्पर्धी, आणि पाणी ओसरता ओसरता सगळे चिखलात, शेवटी पोलिसांसकट. आगीचा बंब, मिरवणूक, मोटारींची शर्यत, गावात जे फुकट घडत असेल ते पार्श्वभूमीला घ्यायचं आणि गोष्ट जागेवर जुळवायची ही त्यांची रीत होती. हाताशी पैसे नसलेल्या आजच्या तरुण मुलामुलींना मी हेच सांगतो.

'कीस्टोन कॉप्स' ही पोलिसांची प्रसिद्ध फौज म्हणजे कसरतपटूंचा संच. आपटणं हे शिकून केलेलं काम आहे. एक पाय पुढे, एक मागे उडवून सपशेल पाठीवर पडायचं, या पडण्याला तिथे 'एकशे आठ' म्हणत. कीस्टोनचा नट अल सेंट जॉन याचं पडणं सावकाश वेगाने पाहा. हवेत असताना तो कुठे उतरायचं हे ठरवतो आहे असं दिसतं.

रॉस्को आर्बकल, म्हणजेच 'फॅटी', हा भारी अंगाचा आणि पिसासारखा हलका माणूस. १९२१ मध्ये त्याच्यावर भयंकर आरोप झाला, तीन खटले चालले, १९२२ मध्ये तो निर्दोष सुटला, पण कारकीर्द पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाही. त्यामुळे त्याच्या फिल्म दाखवायच्या राहून गेल्या. त्याची जानेवारी १९१६ ची 'फॅटी अँड मेबल अड्रिफ्ट', तीन रिळांची, ही माझ्या मते कीस्टोनची सर्वांत सुंदर फिल्म. नवं जोडपं समुद्रकाठच्या घरात राहायला येतं, खलनायक रात्री घर पाण्यात ढकलून देतो, आणि सकाळी पलंग तरंगतो आहे. त्याआधी एक शॉट आहे : मेबल झोपली आहे, आर्बकल दारात उभा, त्याची सावली भिंतीवरून तिच्या चेहऱ्यावर येते आणि सावलीच तिचं चुंबन घेते. दिग्दर्शनही आर्बकलचंच. धावपळीसाठी ओळखल्या जाणाऱ्या स्टुडिओने हा शॉट संथपणे पुरता दाखवला आहे, एकही फूट न चोरता.

न दाखवण्यासारखंही पुष्कळ आहे, ते स्पष्ट सांगतो. ज्यू, कृष्णवर्णीय, परदेशातून आलेले गरीब लोक यांची चेष्टा ही तेव्हाच्या अमेरिकेत नेहमीची बाब होती आणि कीस्टोनने ती भरपूर वापरली. पहिल्याच दिवशी प्रदर्शित झालेल्या फिल्मांपैकी एक 'कोहेन कलेक्ट्स अ डेट', म्हणजे ज्यू माणसाची टर. तोंडाला काळं फासून केलेल्या भूमिकाही आहेत. बायकोला मारण्यावरचे विनोद आहेत. 'द राउंडर्स'मध्ये दोन दारुडे नवरे आणि त्यांच्या बायका यांच्यात मारझोड चालते. ती फिल्म शेवटच्या होडीच्या लांब शॉटसाठी तुम्ही स्वतः जरूर पाहा, पण सातवीच्या वर्गात लावू नका. कोणतीही फिल्म आधी पूर्ण पाहिल्याशिवाय मुलांसमोर आणू नका.

मुलांसाठी माझा क्रम असा राहील. आधी 'किड ऑटो रेसेस', ओळख न करून देता, थेट. ती संपल्यावर पाच मिनिटं बोला. मागची माणसं पाहिलीत का, एवढंच विचारा आणि पुन्हा एकदा लावा. दुसऱ्यांदा वर्ग वेगळंच पाहतो. मग 'फॅटी अँड मेबल अड्रिफ्ट' अखंड, अर्ध्या तासाच्या थोडी वर आहे. वेळ उरला तर 'डो अँड डायनामाइट'मधला बेकरीच्या तळघराचा भाग. चॅप्लिन मळलेली कणीक मनगटाभोवती बांगडीसारखी गुंडाळून डोनट करतो ते पोरांना फार आवडतं. 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स' सहा रिळांची आहे, डिसेंबर १९१४ ची, विनोदी चित्रपटाच्या लांबीचा इतिहास बदलणारी. पण मुलांना ती जड जाईल, ती तुमच्यासाठी.

पाट्यांचं मराठी आधी करून ठेवा आणि एका मुलाला किंवा मुलीला मोठ्याने वाचायला द्या. पाटी आली की दिवा दाखवून खूण करायची, म्हणजे गोंधळ होत नाही. प्रतींवर जे संगीत चिकटवलेलं असतं ते बरेचदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ठेक्यात धावतं. ते बंद करा. शाळेत पेटी वाजवणारं कोणी असेल आणि एखादा तबलजी मिळाला तर उत्तम. त्यांना फिल्म आधी दोनदा दाखवा आणि एकच सूचना द्या : प्रत्येक पडण्याला थाप मारायची नाही. लय पाठलागाची धरायची, आणि मेबल पडद्यावर एकटी असेल तेव्हा तबला थांबवायचा, नुसती पेटी चालू ठेवायची.